रक्त न थांबणाऱ्या घरची लेक

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला शाळेतही कळलं नाही. मास्तर म्हणायचे, हिच्या वेलांट्या म्हणजे शेळीची शिंगं, कुठं वळतील नेम नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदावर बोलते आहे.

आम्ही पिंपरीला राहतो. रुळाच्या अलीकडे चाळ आहे, तिच्यात एक खोली. औषधाचा नवा कारखाना झाला तेव्हा माझे यजमान तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले. त्यांचं नाव मी घेत नाही, लिहितही नाही, ‘हे’ म्हणते. हे मूळचे सातारा बाजूचे. माझं माहेर खेडच्या पुढे, चाकणवरून जावं लागतं.

चाळीत आमची खोली सोडली तर घरोघरी पाळणा होता. शेजारीण नळावर जाताना तिचं तान्हं माझ्याकडे द्यायची. म्हणायची, “धर गं जरा, एवढी कळशी भरून आणते.” नळावर रांग लांब असावी असं मला वाटायचं. एखाद्या दिवशी पाणी बारीक यायचं, बायका करवादायच्या, भांडायच्या, आणि मी आत खोलीत त्या पोराची टाळू हुंगत बसायचे. तेल, दूध आणि घाम यांचा मिळून एक वास असतो. तो वास माझ्या लुगड्याला लागून राहायचा. मग त्या संध्याकाळी मी लुगडं बदलायची नाही.

मूल काखेत घेतलं की माझी कंबर आपोआप डावीकडे बाहेर येते. मूल परत दिलं तरी मी थोडा वेळ तशीच उभी. एकदा चाळीतली एक म्हातारी म्हणाली, “अगं, नेलं की तिचं तिनं! आता तरी सरळ उभी ऱ्हा.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

ही सवय मला माझ्या भावामुळे लागली होती. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याला चालता यायचं, पण जरा जास्त चालला, कुठं आपटला, की गुडघा भोपळ्यासारखा सुजायचा आणि गरम व्हायचा. आत रक्त साठतं हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. गावात मुडदूस म्हणायचे, कुणी बाहेरची बाधा म्हणायचे. आई शेतावर जायची, म्हणून त्याला सांभाळायला मी घरी राहिले. शाळा सुटली ती त्यासाठी. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही, कारण शाळेत मास्तर होते आणि घरी तो होता.

तो माझ्या कमरेवर बसून साऱ्या गावाचा कारभार बघायचा. मला घोडी म्हणायचा.

“घोडे, तिकडं चल, ओढ्याकडं.”

“हात दुखतोय रे माझा.”

“घोडीला हात नसत्यात. गप चल.”

मी शिकलेली अक्षरं त्याला राखेत गिरवून दाखवायची. त्याची वेलांटी माझ्यापेक्षा चांगली यायची. गुडघा सुजला की मात्र बोलणं बंद. भिंतीकडे तोंड करायचा आणि गोधडीचा कोपरा दातांत धरायचा. आई गार पाण्याची पट्टी ठेवायची, ती लगेच गरम व्हायची. एकदा त्यानं मला विचारलं, “आक्का, समद्यांचं पाय रातचं असंच दुखत्यात का?” मी म्हटलं, “व्हय, समद्यांचं.” त्याला ते बरं वाटलं असावं. झोपला.

आठवं सरून नववं लागलं आणि त्याचा दाढेजवळचा एक दुधाचा दात पडला. आधीचे पडले तेव्हा रक्त आलं होतं, पण दोन दिवसांनी थांबलं होतं. या खेपेला थांबलं नाही. तुरटी झाली, हळद झाली, वैद्याची पुडी झाली. पांढरा होत होत तो माझ्या मांडीवरच गेला. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

माझं लग्न जमलं तेव्हा घरच्यांनी ‘एक मुलगा होता, तापानं गेला’ एवढंच सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ह्यांना खरं सांगितलं. माझे दोन मामाही लहानपणी असेच गेले होते, तेही सांगितलं. हे बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, “आपण कुणातरी शिकलेल्याला विचारू.” पण विचारायचं कुणाला? तीन-चार वर्षं तशीच गेली. प्रत्येक महिन्याला मी घाबरायची, आणि घाबरायचं कारण नाही असं कळलं की रडायची. दोन्ही एकाच मनात कसं राहत होतं, मला सांगता येणार नाही.

कारखान्यात आल्यावर ह्यांच्या खात्यातल्या साहेबांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांना चिठ्ठी दिली. आम्ही गाडीनं गेलो. डॉक्टर भला माणूस होता. मी पदर तोंडाशी धरून बसले होते, तर ते ह्यांच्याशी बोलले नाहीत, माझ्याशीच बोलले. मामांचं विचारलं, भावाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाले, “बाई, हा दोष रक्तातला आहे. बायका तो वाहतात आणि मुलगे भोगतात. तुमच्या आईनं तो माहेराहून आणला. तुमच्यात उतरलाय की नाही, ते आज कुठल्याही तपासणीत कळत नाही. उतरला असेल तर होणाऱ्या मुलग्यांपैकी निम्म्यांना.”

हे म्हणाले, “आणि मुलगी झाली तर?”

“मुलीला बहुतेक काही होणार नाही. पण ती पुढे नेईल, कदाचित.”

म्हणजे माझ्यासारखीच एक, असं माझ्या मनात आलं.

“औषध?” ह्यांनी विचारलं. आमच्या कारखान्यातून गाड्या भरभरून औषध बाहेर जायचं, त्यामुळे ह्यांना वाटायचं की प्रत्येक दुखण्याची एक बाटली कुठंतरी असणारच. डॉक्टरांनी मान हलवली. वेळेला दुसऱ्याचं रक्त देतात, म्हणाले, तेही मोठ्या दवाखान्यात, आणि ते तेवढ्यापुरतं.

परतीच्या गाडीत ह्यांनी शेंगा घेतल्या. सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले. स्वतः एकही खाल्ला नाही. खडकी गेल्यावर म्हणाले, “हा दोनदा छापा-काटा आहे बघ. एकदा तुझ्यावर, एकदा पोरावर. माणसं याहून वाईट डाव खेळतात.” मी दाणे मुठीत धरून ठेवले. मग म्हणाले, “तू म्हणशील तसं. दुखलं तर त्याला दुखेल, आणि उचलशील तू. मी कारखान्यात असेन.”

तू म्हणशील तसं, हे शब्द मला आजवर कुणी म्हटले नव्हते. ते इतके जड असतील असं वाटलं नव्हतं.

मी माहेरी गेले. आईला डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं होतं, पण ती दुखावेल म्हणून दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी करताना सांगितलं. तवा उतरवून आई तशीच बसली. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, घरात आम्ही दोघीच.

“मला ठावं होतं,” आई म्हणाली.

“काय?”

“माझ्या माहेरचं हाय ते. मला तवाच कळलं. त्याचं कान टोचलं तवाच.”

मग तिनं सांगितलं. भावाच्या बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून कान टोचले, जसे सगळ्यांच्या पोरांचे टोचतात. तार ओवली आणि रक्त थांबेना. तीन दिवस पाळण्यातल्या चिंध्या बदलल्या. मी लहान होते, मला फक्त घरातला गलका आठवतो. वडील आणि चुलते सोनाराला चावडीवर घेऊन गेले. त्याची तार गंजकी होती, हात बाटलेला होता, असं म्हणाले. गावानं त्याला साठ रुपये दंड केला, तो आमच्या घरी द्यायचा. त्यानं ऐरण आणि काटा विकून तो भरला. पण पुढे त्याच्याकडे कुणी पोराचे कान द्यायला तयार होईना. बायकोपोरं घेऊन त्यानं गाव सोडलं. त्या साठ रुपयांतले थोडे वैद्याला गेले आणि उरलेल्यात बैल आला. तो बैल मला आठवतो. फार गुणी होता.

“तू बोलली का न्हाईस?” मी विचारलं.

“काय बोलू? माझ्याच रगताचा दोष हाय म्हनू? तुजा बाप त्या दिशी मला गाडीत घालून माहेरी टाकून आला असता. तू दाराशी उभी, पोरगं पाळण्यात. सोनाराला काय, दुसरं गाव मिळंल.” तिनं तवा परत चुलीवर ठेवला. “दापोडीला असतो म्हनं आता.”

मी खूप वेळानं दुसरं विचारलं, जे विचारायला खरं आले होते. “आई, तो पुन्हा तसाच तुझ्या पोटी येणार असला, तर तू घेशील?”

मला वाटलं ती ‘घेईन’ म्हणेल. तसं म्हणाली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

“न्हाई,” आई म्हणाली. “मला परत न्हाई जमायचं. त्याला बी म्हनू नये कुनी, परत ये म्हनून.” मग भाकरी उलटवताना म्हणाली, “रोज सपनात येतो त्यो. ते येगळं.”

पिंपरीला परत आले. श्रावण होता, पवनेला पाणी होतं. मी धुणं घेऊन नदीवर जायची आणि मनाशी बोलत राहायची. नको म्हणावं तर वाटायचं, मी भावालाच दारात उभं करून सांगतेय की तू यायला नको होतास. आणि तो तर मला हवा होता, घोडी म्हणणारा, ओढ्याकडे चल म्हणणारा. हो म्हणावं तर त्याची भिंतीकडची पाठ दिसायची. शेजारणीचं पोर कमरेवर घेतलं की मी हो म्हणायची. ती पोर घेऊन गेली की हळूहळू नको व्हायचं. असे दोन महिने गेले असतील.

शेवटी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मी पुढे कितीही ढकलली तरी हलेना. मूल हवं आहे ते मला. दुखणार आहे ते त्याला. आणि ‘समद्यांचं पाय असंच दुखतात’ हे खोटं मला दुसऱ्या कुणाला पुन्हा सांगायचं नव्हतं.

मी ह्यांना म्हटलं, “नको.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण नको.”

हे उठून बाहेर ओट्यावर गेले. बऱ्याच वेळानं आत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, “विडीचा धूर.” डॉक्टरांनी मूल न होण्याचा एक उपाय सांगितला होता. तो ह्यांनी पुण्याला जाऊन स्वतःवर करून घेतला. त्याबद्दल लिहायची मला लाज वाटते. एवढंच की आता पुन्हा विचार करायला जागा उरली नाही. मला वाटलं होतं की ठरवून टाकलं की ओढ कमी होईल. झाली नाही. उलट तिला आता कसलं कामच नव्हतं, ती दिवसभर घरात बसून असायची.

दिवाळीला सासूबाई आल्या. येताना कुठल्याशा देवाचा अंगारा आणि माझ्यासाठी सोळा सोमवारांचं व्रत घेऊन आल्या. “औंदा पाळणा हललाच पायजे. माझ्या हाताला आता कापरं भरतंय, पोराला धरायचं कवा मी?” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “आई, तिला काही करायला लावू नको. दोष माझ्यात आहे. डॉक्टरनं तपासलंय.”

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या ताटात तूप वाढायला लागल्या आणि नजर मात्र चुकवायला लागल्या. चाळीच्या भिंती पातळ. कारखान्यातल्या मंडळींनाही कळलं. पाळी सुटल्यावर येताना एकजण मोठ्यानं म्हणाला, “काय राव, साऱ्या देशाला औषध पुरवतोस, आणि तुझ्यावरच न्हाई व्हय?” सगळे हसले. हेही हसले. म्हणाले, “बाटली धुणाऱ्याला औषध कोण देतंय भाऊ?” मी खिडकीत होते. हे आत आले, पाय धुतले, नेहमीसारखा चहा मागितला.

मला तो चहा करवेना. आईनं सोनाराच्या माथी मारलं आणि हे आपणहून आपल्या माथी घेत होते. दोन्ही वेळेला खरं मात्र आमच्याच घराचं होतं, आणि आम्ही बायका पदराआड.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. मी समोर बसले. म्हटलं, “आत्याबाई, दोष त्यांच्यात न्हाई. माझ्यात हाय.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मामा, भाऊ, डॉक्टर, आई, चावडी, सोनार, सगळं सांगितलं. एवढं मी जन्मात एका दमात बोलले नव्हते. सूप त्यांच्या हातात तसंच.

“म्हंजी फसवलं आमाला,” त्या म्हणाल्या.

“व्हय.”

“माझ्या लेकाचा वंश बुडाला.”

“व्हय.”

“व्हय काय व्हय! तोंड वर करून व्हय म्हनती!” त्यांनी सूप आपटलं. ज्वारी घरभर. मग रडल्या, मला नाही नाही ते बोलल्या, माझ्या आईला बोलल्या. मी ज्वारी गोळा करत होते. मग एकाएकी म्हणाल्या, “आन् त्या सोनाराचं काय?”

मला कळलंच नाही.

“साठ रुपये म्हनालीस न्हवं? तवाचे साठ! माणसाची ऐरन गेली, गाव गेलं. त्याचं दिलं का कुनी?”

“न्हाई.”

“मग आधी ते बघा. घेतल्यालं दिऊ नये आन् देवाम्होरं पदर पसरावा, असल्या घरात लेकरू कुठनं येतंय!” लेकरू यायचंच नव्हतं, हे त्यांना आत्ताच सांगितलं होतं. पण मी ते पुन्हा बोलले नाही. संध्याकाळी हे आल्यावर त्यांनी ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. “खोटारड्या,” एवढंच म्हणाल्या आणि ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

सोनार दापोडीला खरंच सापडला, रुळाजवळच्या गल्लीत, एका खोलीत. म्हातारा झाला होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आम्ही कुठल्या गावचे ते सांगितल्यावर त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

“तार मी आगीत धरली होती,” तो म्हणाला. “चावडीवर कुणी ऐकलं नाही.”

“ठाऊक आहे आम्हाला,” हे म्हणाले, आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळला. “तुझ्या आईला ठाऊक होतं?”

मी मान डोलावली.

“तिचं पोर होतं, कबूल,” तो म्हणाला. “माझी चार होती.” मग चिमटा परत उचलून म्हणाला, “पैसे मी घेईन. तुम्ही देताय म्हणून नाही. माझे आहेत म्हणून.”

एकदम द्यायला आमच्याकडे नव्हते. आईनं कोंबड्या विकून काही पाठवले. निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई घरोघरी पापड लाटायला द्यायची, ते काम मी धरलं. सासूबाईही गावाहून आल्या की माझ्यासमोर पोळपाट घेऊन बसायच्या आणि माझ्या पापडांना नावं ठेवायच्या. जमेल तसे आम्ही दापोडीला नेऊन द्यायचो. मधेच आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा सोनाराचा आणि माझा हिशेब जुळेना आणि आम्ही दोघंही पहिल्यांदा एकमेकांसमोर हसलो.

शेवटच्या वेळी मी एकटीच गेले, हे पाळीवर होते. दुकानात एक तरुण बाई बसली होती, मांडीवर बारा दिवसांचा मुलगा. कान टोचायला आणला होता. सोबत म्हातारं कुणी नव्हतं. सोनारानं तार आगीत धरली, तशी ती बाई म्हणाली, “मला नाही बघवायचं हो,” आणि मुलगा माझ्याकडे केला. सोनार माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघितलं. मग मी खाली बसले आणि ते डोकं दोन्ही हातांत धरलं. एवढंसं ऊन डोकं. तार गेली, मुलगा किंचाळला. कानाच्या पाळीवर रक्ताचा एक थेंब आला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी श्वास धरून बसले. तो थेंब तिथंच राहिला. सोनारानं कापसानं टिपला, आणि मागून दुसरा आला नाही. मी अजून बघत होते.

“थांबलं,” सोनार म्हणाला. “दे त्याच्या आईकडे.”

मी दिला. ती दूध पाजत पाठमोरी बसली. हातांना त्याच्या टाळूचा वास लागला होता. त्याच हातांनी मी कनवटीची पुरचुंडी सोडली. सोनारानं पैसे मोजले, पुन्हा एकदा मोजले, पेटीत टाकले आणि झाकण लावलं.

“फिटले,” तो म्हणाला.